रिकामं पडलेलं नाव

आमच्या घरात मुली दोन होत्या आणि दहावी पासची मार्कशीट एकच. ती आक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची. तशी मलाही एक मिळाली होती, पण तिच्यावर गणित आणि इंग्रजी दोन्ही विषय आडवे झालेले, त्यामुळे ती कुणी जपून ठेवली नाही. आक्काची मात्र पत्र्याच्या पेटीत, आईच्या लग्नातल्या साडीच्या घडीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली असायची. केंदूरला आमच्या वस्तीवर दहावी पास झालेली पहिली मुलगी तीच. पाहुणे आले की आप्पा पेटी उघडत. चहा उकळेपर्यंत मार्कशीट हातोहात फिरे आणि ज्यांना वाचता येत नव्हतं तेही ती उलटीसुलटी करून मान डोलावत. मी चुलीपुढे बसून माडग्यात चमचा फिरवत हे सगळं ऐकायची आणि मला वाटायचं, उठावं आणि कुठंतरी निघून जावं. कुठं, ते माहीत नव्हतं. माझे पाय लहानपणापासून एका जागी ठरत नाहीत. आईही म्हणायची, ही पोटात होती तेव्हाही मला धड बसू देत नव्हती.

आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. आप्पांनी ती विकली आणि विहीर पाडली, पण घरातला लोकरीचा वास काही गेला नव्हता. पावसाळ्यात घोंगड्या दमट झाल्या की मेंढरं परत आल्यासारखं वाटायचं. सकाळी आई हुलग्याचं माडगं करायची, त्यात लसूण आणि गुळाचा खडा. बाजरीच्या भाकरीचा थापटण्याचा आवाज, आप्पांचा खोकला, शेजारच्या इंजिनाची फटफट, एवढ्या आवाजात आमचा दिवस सुरू होई. आक्का अशा वेळीसुद्धा पाटावर बसून पाढे लिहायची. तिचं अक्षर मोत्यासारखं, असं सगळे म्हणत. माझं अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं, हेही सगळेच म्हणत.

आक्काचं लग्न खुटबावला झालं. तिचं नाव सुनंदा. सासरी थोरल्या जावेचं नाव नंदा, तेव्हा एका घरात हाका मारताना घोळ नको म्हणून नाव बदलायचं ठरलं. रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले आणि दाजींनी अंगठीनं त्यात लिहिलं, कल्पना. मी करवली म्हणून ताट धरून उभी होते. दाजींचं अक्षर तांदळात काही धड उमटलं नव्हतं. आक्कानं वाकून वाचलं आणि मला हळूच म्हणाली, कल्पनाच करायची आता. मला हसू फुटलं आणि ताट हललं. एवढ्यावर तिचं जुनं नाव संपलं, असं आम्ही सगळे धरून चाललो.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी पोस्टमन पत्र घेऊन आला. नगर रोडवर, शिक्रापूरला, रबराचे सुटे भाग करणारी एक कंपनी होती. तिला दहावी झालेल्या मुली हव्या होत्या. आप्पांनी आक्काचं नाव लग्नाआधीच एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये घालून ठेवलं होतं आणि विसरूनही गेले होते. पत्र सुनंदाच्या नावानं आलं. आप्पांनी ते शेजारच्या मास्तरांकडून वाचून घेतलं, मग दिवसभर ते खिशात घालून विहिरीवर, गोठ्यात, परत विहिरीवर असे फिरत राहिले. संध्याकाळी जेवताना आईला म्हणाले, "तिचं नाव सासरनं बदललं. हे नाव हितं रिकामंच पडलंय की. मंगीला घालू."

मंगी म्हणजे मी, मंगल. तेव्हा सोळा वर्षांची. आज हे सांगताना लोक हसतात किंवा डोळे मोठे करतात, पण त्या दिवशी आमच्या घरात हे कुणालाही लबाडीचं वाटलं नाही. आक्काचे परकर मी वापरले, तिची पुस्तकं मी वापरली, तिची सायकलसुद्धा माझ्याकडं आली. नाव तेवढं राहिलं होतं. आक्का दिवाळीला आली तेव्हा आप्पांनी तिला सांगितलं, तर ती खळखळून हसली. घाल बाई, झिजलं तर नवं शिवून घे, असं मला म्हणाली. तिचं ते हसणं मी पुढं कित्येकदा आठवलं आणि त्यावरच स्वतःची समजूत घातली.

कंपनीत पुरुष प्रेसवर असत. गरम साच्यातून रबराचे बुश, वायसर, दारांच्या पट्ट्या निघत. साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं रबर कडेला पातळ पापुद्र्यासारखं चिकटून राही. साहेब लोक त्याला फ्लॅश म्हणत, आम्ही बायका झालर म्हणायचो. ती झालर कापायचं काम आमचं. लांब लाकडी टेबलांना साठ बायका बसलेल्या आणि प्रत्येकीच्या हातात छोटी कात्री. थोडं जास्त कापलं की माल रिजेक्ट, थोडं राहिलं की परत कापायला. साठ कात्र्यांची कचकच दिवसभर कानात राही. माल कधीकधी साच्यातून सरळ टोपलीत येई आणि हात भाजे. माझ्या उजव्या अंगठ्यावर तेव्हाचा डाग अजून आहे. पहिला आठवडाभर मी बहिरी म्हणून प्रसिद्ध होते. सुपरवायझर "सुनंदा" म्हणून ओरडायचा आणि मी आपली शांतपणे कापत बसायची. शेवटी शेजारच्या शांताबाईंनी मला कोपर मारून विचारलं, की तुला ऐकू येत नाही का तुझं नाव तुला आवडत नाही?

शांताबाई शिक्रापूरजवळच्या बौद्धवस्तीतल्या. वयानं माझ्या आईएवढ्या, बोलायला फटकळ. मी त्यांना त्याच दिवशी सगळं सांगून टाकलं. पोटात काही ठेवणं मला तेव्हा जमत नव्हतं. त्यांनी डब्यातली मिरचीची भाजी माझ्या भाकरीवर वाढली आणि कुणाला बोलू नको, एवढंच म्हणाल्या. मला मात्र त्या नावाखाली एक वेगळीच हुशारी यायला लागली. सुनंदा म्हणजे दहावी पास. सुनंदा कुणाला घाबरत नसे. मंगलला शाळेत उभं राहून दोन वाक्यं बोलता आली नव्हती, आणि सुनंदा सुपरवायझरशी पंख्यासाठी भांडायची. हजेरीच्या वहीत मी 'सु'ची शेपटी पार खालच्या ओळीपर्यंत ओढायची, कारण तसं केलं की सही मोठ्या माणसाची वाटे.

तीन वर्षं गेली. आम्ही सगळ्या टेंपररी होतो. काही महिने काम, मग थोड्या दिवसांचा ब्रेक, मग परत नवीन बिल्ला. ब्रेकमध्ये मी घरी बसले की वेड्यासारखं व्हायचं. गोठा दोनदा झाडायची, भांडी घासलेली परत घासायची, शिक्रापूरला जाणारी जीप रस्त्यावरून गेली की उठून उभी राहायची. शांताबाईंनी आणि आणखी काही जणींनी पर्मनंट करा म्हणून अर्ज दिला, तो हरवला, परत दिला, तोही हरवला, मग त्यांनी तो स्वतः पुण्याच्या ऑफिसात नेऊन दिला. शेवटी एका सकाळी नोटीस बोर्डावर यादी लागली. फिनिशिंगमधल्या बारा बायका. शांताबाईंचं नाव तिसरं होतं आणि सुनंदाचं सातवं. सोमवारी मूळ कागद घेऊन पुण्याहून येणाऱ्या साहेबांपुढे सह्या करायच्या होत्या. मी ती यादी चार वेळा वाचली आणि त्या दिवशी माझा एकही नग रिजेक्ट झाला नाही.

त्याच आठवड्यात नागपंचमी होती. पंचमीला आमच्याकडं चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. कंपनीतही साठच्या साठ बायका कात्रीला हात लावत नसत. एका वर्षी मॅनेजरनं दटावून पाहिलं, तर सगळ्या टेबलांपुढे हाताची घडी घालून बसल्या होत्या. तेव्हापासून त्या दिवशी आम्हाला सुट्टी असे. आईनं पुरणाची दिंडं उकडली होती, तुपाची वाटी मध्ये ठेवली होती. आक्का माहेरी आली होती, कडेवर दीड वर्षाचा पोरगा. आप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की आमची सुनंदा पर्मनंट झाली. ते तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आक्कानं हातातलं दिंड ताटात ठेवलं.

"कोण सुनंदा?" ती म्हणाली.

आप्पा हसले. त्यांना वाटलं थट्टा चाललीय. पण आक्का थट्टा करत नव्हती. ती म्हणाली की दाजींना ट्रॅक्टर सोडून शिक्रापूरला टेम्पोवर काम मिळतंय, तिथं खोली बघता येईल, आणि ही नोकरी तिला हवी आहे. पत्र तिला आलं होतं. दहावी तिनं केली होती. आप्पा गोंधळून म्हणाले, की अगं, पण ते नाव तर तू सोडून गेलीस ना. तेव्हा ती जे बोलली ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं.

"त्यांनी मला दुसरं नाव दिलं, आप्पा. पर ह्ये मी टाकून न्हवतं दिलं. मला कुणी इचारलंच न्हाई."

मी काहीतरी वाईट बोलले. तीन वर्षं रबराच्या धुरात मी बसले, अंगठा माझा भाजला, तू तिकडं पाळणा हलवत होतीस, असलं काहीतरी. आक्का पोराच्या तोंडाला लागलेलं पुरण पुसत राहिली. मला सगळ्यात जास्त राग याचा आला की ती बरोबर होती, आणि मीही चुकीची नव्हते. पुढचे तीन दिवस कामावरून आल्यावर मी घरात बसूच शकले नाही. विहिरीपर्यंत जायची, परत यायची. पेटी उघडायची, मार्कशीट आहे का बघायची, पेटी लावायची. एकदा ती काढून माझ्या पिशवीत ठेवली आणि घटकाभरानं परत पेटीत ठेवली. शांताबाईंना जाऊन विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कागद तिचा हाय, बोटं तुझी हायती. साहेब बोटं बघत न्हाईत, पोरी."

आप्पांनी त्यांच्या परीनं तोड काढली. म्हणाले, दोघी जा, साहेब ठरवतील. त्यांच्या डोक्यात सावड होती. पेरणीला एका घरातून एक माणूस द्यायचं, मग भाऊ आला काय आणि भावजय आली काय. कंपनीलाही आमच्या घरातलं एक माणूस हवंय, तेव्हा दोघींतली जी पसंत पडेल ती ठेवून घेतील, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. आमच्यापैकी कुणीच त्यांना समजावलं नाही. मला तरी कुठं नीट कळत होतं?

सोमवारी आम्ही दोघी एकाच जीपमध्ये, एकाच सीटवर, मांडीला मांडी लावून बसून शिक्रापूरला गेलो. आक्कानं लग्नातली जांभळी साडी नेसली होती. मार्कशीटचं प्लॅस्टिक तिच्या हातात होतं. गेटवर माझा पितळी बिल्ला दाखवून मी तिला पाहुणी म्हणून आत नेलं. पुण्याचे साहेब कॅन्टीनमध्ये टेबल लावून बसले होते. त्यांनी आम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं. फोटोबिटो तेव्हा टेंपररी बायकांचे कुणी काढत नसे. फाइलमध्ये फक्त अर्ज आणि सह्या. सातवं नाव पुकारलं. आक्का माझ्याआधी पुढं झाली आणि म्हणाली, मी सुनंदा.

साहेबांनी मार्कशीट पाहिली, जन्मतारीख विचारली, शाळेचं नाव विचारलं. आक्कानं सगळं न अडखळता सांगितलं. सांगणारच, तिचंच होतं ते. मग त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला आणि तीन सह्या करायला सांगितल्या. आक्कानं तिच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात तीनदा लिहिलं, सुनंदा. साहेबांनी फाइल उघडली, कागद शेजारी ठेवला, एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं पाहिलं.

"ही सही जुळत नाही," ते म्हणाले. "बाई, दुसऱ्याच्या नावावर आला असाल तर आत्ताच सांगा. ऑर्डर रद्द होईल."

आक्कानं पेन खाली ठेवलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी बोलले असते की सह्या माझ्या आहेत, पण नाव हिचंच आहे, तर काय झालं असतं? कदाचित दोघींचीही नोकरी गेली असती. कदाचित साहेबांनी आक्काला ठेवूनही घेतलं असतं. माणूस वाईट दिसत नव्हता. इतकी वर्षं मी नवऱ्याला, मुलांना, अगदी शांताबाईंनाही सांगत आले की नोकरी दोघींच्याही हातची जाऊ नये म्हणून मी पुढं झाले. ते खरं नाही. मला ती नोकरी तिला द्यायची नव्हती. दुसऱ्या दिवसापासून गोठ्यात बसून जीप बघत राहायचं, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी टेबलावरचं पेन उचललं, आक्काच्या तीन सह्यांखाली माझी सही केली आणि 'सु'ची शेपटी कागदाच्या काठापर्यंत ओढली.

साहेबांनी ताडून पाहिलं. जुळली. ते मला म्हणाले की असं पाहुण्यांना पुढं करत जाऊ नका, हा काय खेळ आहे का. मग त्यांनी आक्काला विचारलं, मग तुम्ही कोण?

"मी कल्पना," ती म्हणाली. "खुटबावची."

आणि मार्कशीट माझ्यापुढं ठेवून ती बाहेर गेली.

मी सगळे कागद पुरे करून बाहेर आले तेव्हा ती फाट्यावर, रसवंतीच्या बाकड्यावर बसली होती. मी माफी मागितली नाही. ती मला रागावलीही नाही. तळेगाव, न्हावरे करत चौफुल्याला जाणारी एसटी आली, तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती चढली. पोराला आईकडंच ठेवलं होतं, ते ती विसरली होती. दुसऱ्या दिवशी आप्पा त्याला घेऊन खुटबावला गेले. त्यानंतर तिनं मला मंगल म्हणून कधी हाक मारली नाही. सुनंदा म्हणूनही नाही. "ए बाई" म्हणते.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी सासरच्यांना आधीच सांगितलं, की नाव बदलायचं असेल तर सुनंदा ठेवा, कंपनीत तेच आहे. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. तांदळात अंगठीनं ते नाव लिहिलं गेलं तेव्हा आक्का शेजारी उभी होती, अक्षता वाटत. तिथून पुढं रेशनकार्ड, बँक, आधार, सगळीकडं मी सुनंदाच. मंगल म्हणणारी शेवटची माणसं आप्पा आणि आई, तीही गेली.

त्या बारानंतर आमच्या कंपनीत एकही बाई पर्मनंट झाली नाही, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा वाटलं होतं, आज बारा घेतल्या, पुढल्या वर्षी आणखी घेतील, आक्कालाही कधीतरी चिकटवू. पुढल्या वर्षी ठेकेदार आला. मग टेबलं निम्मी झाली. मग एक यंत्र आलं, त्यात रबर इतकं गार करतात की झालर काचेसारखी ठिसूळ होते आणि नुसती हलवली की झडून जाते. साठ बायकांचं दिवसाचं काम ते चहा पिऊन होईस्तोवर करतं. आम्हा पर्मनंट बायकांना पॅकिंगला बसवलं, बाकीच्या घरी गेल्या. आता प्रेसवर बिहार आणि ओडिशाची मुलं आहेत, सात महिन्यांनी त्यांची तोंडं बदलतात, नावं पाठ होण्याआधीच. आक्काची सून कुरकुंभला प्लॅस्टिकच्या बरण्यांच्या कंपनीत ठेकेदाराकडून जाते. बारावी झालीय पोरगी. पर्मनंटचं काय, असं मी एकदा तिला विचारलं, तर ती म्हणाली, ते काय असतंय मावशी? मी तो विषय परत काढला नाही.

गेल्या वर्षी मी कंपनीच्या कागदावर अठ्ठावन्न वर्षांची झाले. माझी खरी पंचावन्न. आक्काच्या वयानं मी रिटायर झाले. कॅन्टीनमध्ये दोन टेबलं जोडून स्टेज केलं होतं, शाल, नारळ, आणि हातात माइक घेतलेली ऑफिसातली एक मुलगी. मी आक्काला बोलावलं होतं. ती येणार नाही असं वाटलं होतं, पण आली, सुनेला घेऊन तिसऱ्या रांगेत बसली. केस पांढरे झालेत तिचे, गुडघे दुखतात. त्या ऑफिसातल्या मुलीनं माझ्याबद्दल चार चांगले शब्द वाचले, कधी खाडा नाही, कामात हात साफ, असलं. मग म्हणाली, आता मी विनंती करते, सुनंदाताईंनी स्टेजवर यावं.

मी स्टेजच्या कडेलाच उभी होते. समोर तिसऱ्या रांगेत आक्का खुर्चीच्या दांड्याला धरून उठायला लागली. अर्धी उठली. मग तिच्या लक्षात आलं, तिनं शेजारी कुणी पाहिलं का ते बघितलं, पदर सारखा केला आणि परत खाली बसली. लोक टाळ्या वाजवत होते. मी वर गेले आणि शाल घेतली.